पाणी घातलेली मुलं

अमिनाच्या केसांतून फिरणारी सारजाबाईची फणी मध्येच थांबली. गुंता लागला म्हणून नव्हे. अमिना बोलता बोलता एक गोष्ट सहज बोलून गेली होती, वाटेतला खडा पायाने बाजूला सारावा तशी, आणि तो खडा नेमका सारजाबाईच्या टाचेखाली आला होता. दुपारची वेळ होती. गिरणीच्या मागच्या अंगाला असलेल्या त्या बाळंतपणाच्या इस्पितळात जेवणानंतरची सुस्ती पसरली होती. कुठंतरी थाळ्या घासल्याचा आवाज येत होता. अमिनाला सातवा संपत आला होता आणि पाय सुजून भोपळ्यासारखे झाले होते, म्हणून डॉक्टरीणबाईंनी तिला दाखल करून निजवून ठेवलं होतं. नवरा चांदसाब अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर होता. पाळी संपली की तो सायकल हाणत येई, फाटकाशी उभा राही आणि डबा वर पाठवी. बायकांच्या खोलीत पुरुषांना मज्जाव. तेव्हा अमिनाचं बोलणं काय ते सारजाबाईशी. सारजाबाई इस्पितळातली आया, पण सगळ्याजणी तिला मावशी म्हणत.

अमिना म्हणाली होती, "ह्यो जगला तर बरंच हाय, मावशी. न्हाय जगला तर भावाजवळ जाईल. त्यो तितं दारात उभाच हाय की."

"कुटल्या दारात?"

"जन्नतच्या. आमच्यात म्हन्त्यात, दूधपितं लेकरू गेलं तर एकटं आत जात न्हाय. दारात थांबतं. आई आली की तिचा हात धरून तिला आत न्हेतं." मग थोडं थांबून, हसल्यासारखं करून म्हणाली, "पर तितं लई लेकरं आसतील. मी हाक कशी मारायची? नाव ठिवलं न्हवतं की त्याला. रडला न्हाय म्हनून."

सारजाबाई एवढंच म्हणाली, "मान सरळ धर." आणि फणी पुन्हा चालू झाली.

त्यांच्यात असं असतं हे तिला ठाऊक होतं. या इस्पितळात उमेदीची सगळी वर्षं काढून कुणाकुणात काय काय असतं ते तिला पाठ झालं होतं. जन्मलेलं मूल एकदा जरी रडलं, त्याने एक श्वास घेतलेला कुणी पाहिला, तर ते माणूस झालं. मग त्याला नाव, आंघोळ, कफन, त्याच्यासाठी उभं राहून पढलेला नमाज. न रडताच आलं तर नुसतं कापडात गुंडाळून मातीआड करायचं. आणि रडलं की नाही हे सांगणार कोण? बाप फाटकाबाहेर, आई गुंगीत. सांगणार ती सारजाबाई. आठ वर्षांमागच्या त्या श्रावणात चांदसाबने तिला फाटकाशी विचारलं होतं, आणि तिने मान हलवून नाही म्हटलं होतं. पण तो रडला होता. डॉक्टरीणबाई यायच्या आतच बाळंतपण उरकलं होतं आणि ते एवढंसं पोर तिच्या तळहातावर निळं पडत चाललं होतं. तिने पेल्यातलं पाणी त्याच्या कपाळावर तीनदा ओतलं आणि ओठांतल्या ओठांत पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने त्याला बाप्तिस्म्याचं स्नान दिलं. नाव द्यायचं ते ती चर्चच्या कॅलेंडरवरच्या त्या त्या दिवशीच्या संताचं देई, म्हणजे आपल्या मनाची निवड नको. त्या दिवशी लॉरेन्स होता. अमिनाच्या पोटचा मुलगा आठ वर्षं स्वर्गात लॉरेन्स म्हणून वावरत होता. हे जगात दोघांनाच ठाऊक होतं, सारजाबाईला आणि देवाला. चांदसाबला ती नाही म्हणाली त्याचं कारणही साधं होतं. हा आता देवाचा झाला, यावर आणखी कुणाचं काही नको, अशी तिची समजूत. दोन विधी एकमेकांना भिडले तर पोर कुणाच्या दारी जाईल?

ही काही पहिली वेळ नव्हती, शेवटचीही नव्हती. विणकरांच्या तेलुगू घरातली, लिंगायतांची, मराठ्यांची, मुसलमानांची, ज्या ज्या पोराचा जीव तिच्या हातात विझायला लागला त्या प्रत्येकाला तिने पाणी घातलं होतं. कुणाला कळलं नाही. आया मूल पुसते आहे असंच दिसे. त्यात तिचा कसला लोभ नव्हता, चर्चकडून कुणी सांगितलेलंही नव्हतं. रोज संध्याकाळी मेणबत्तीसमोर जपमाळेचं एक दशक, दहा मण्यांचा जप, ती या पोरांसाठी म्हणे आणि मगच भाकरीला हात लावी. तापात फणफणली तरी हा नेम तिने मोडला नव्हता. माळेचे मणी सरकवताना तिला दिसे की आपण मेल्यावर एका मोठ्या फाटकाशी जाऊन उभ्या आहोत, आणि आतून ही सगळी पोरं, झबली-टोपडी घातलेली, धावत आपल्याला न्यायला येताहेत. लग्नाच्या वरातीत नाही का चिल्लीपिल्ली पुढे धावत, तशी. या चित्राचं तिला फार सुख होतं. विधवेच्या आयुष्यात एवढं एक सुख असावं, यात काय पाप, असं तिला वाटे. आता अमिनाची वेणी घालताना तिच्या ध्यानात आलं, की त्या घोळक्यातली एकही आई तिने कधी पाहिली नव्हती. पोरं होती, आया नव्हत्या. इतकी वर्षं तिला ते दिसलंच नव्हतं.

आणि हे दिसायला तिच्याइतकं लायक दुसरं कुणी नव्हतं. मोडनिंबजवळच्या वाडीत तिची पहिली मुलगी जन्मली तेव्हा ती स्वतः विशीतही नव्हती. सासऱ्याच्या वेळी घर ख्रिस्ती झालेलं. चर्च दूर, फादर सहा महिन्यांतून एकदा घोड्यावरून येत. बाकी सगळं धोंडीराम मास्तर बघत. ते वाड्यावस्त्यांवर सायकलने फिरून धर्म शिकवीत. मुलगी अशक्त होती. महिपती, तिचा नवरा, मास्तरांना आणायला गेला. मास्तर निघाले आणि वाटेत सायकलची ट्यूब फाटली. सायकल हातात धरून चालत चालत ते तिसऱ्या दिवशी दुपारी पोचले तेव्हा मुलगी सकाळीच गेली होती. मास्तर ओट्यावर बसले, टोपी काढली, पाणीसुद्धा प्याले नाहीत. त्यांनीच मग समजावून सांगितलं, की पाणी न घातलेलं लेकरू स्वर्गात जात नाही, कारण आदामाचं पाप त्याच्या अंगावर तसंच राहतं. पण ते नरकातही जात नाही, कारण त्याने स्वतः काही केलेलं नाही. त्याच्यासाठी काठावर एक वेगळी जागा आहे, लिंबो म्हणतात तिला. तिथं दुःख नाही, भूक नाही, आग नाही. फक्त देवाचं तोंड दिसत नाही. "कवाच न्हाय?" तिने विचारलं. मास्तर म्हणाले, कधीच नाही. तेव्हा तिला एवढंच कळलं की आपण नीट वागलो, स्वर्गात गेलो, तर आपल्याला आपली पोर दिसायची नाही. आणि वाईट वागलो तर नरकात, तिथूनही दिसायची नाही. दफनभूमीच्या कुंपणाबाहेर बाभळीखाली खड्डा काढला. माती लोटल्यावर मास्तर हात झटकत, स्वतःशी बोलल्यासारखे म्हणाले, तसं पाहिलं तर अडीनडीला पाणी कुणीही घालू शकतं, आई पण घालू शकते. हे त्यांनी आधी कुणाला सांगितलेलंच नव्हतं. म्हणजे तांब्या तिच्या उशाशी होता, भरलेला होता, आणि ती तीन दिवस त्याच तांब्यातलं पाणी पीत होती.

ते लिंबो तिने मग मनाशी पुष्कळ बांधलं. दिवेलागणीच्या जरा आधी जो उजेड असतो, करडा, कशाचीच सावली न पाडणारा, तो तिथं कायम असणार आणि दिवा कधी लागणार नाही. पोरं रांगत असतील, हसतही असतील, पण कुणाकडे बघून हसायचं ते त्यांना ठाऊक नसणार. त्या जागेत आणखी पोरं जाऊ द्यायची नाहीत, हे एकच तिने ठरवलं होतं. आणि अमिनाच्या एका बोलण्याने तिला कळलं होतं, की मास्तरांच्या फाटलेल्या ट्यूबने जे आपल्याला केलं तेच आपण हाताने दुसऱ्यांना करत आलो. तिची मुलगी काठावर आणि ती आत. अमिनाचा मुलगा आत, आणि अमिना? पाणी न घेतलेल्याला आत जागा नाही, हा चर्चचा जुना नियम तिला कुणी नव्याने सांगायला नको होता. अमिना दारात येईल, पोरांमध्ये शोधेल, हाक मारायला तिच्याजवळ नाव नसेल, आणि मुळात तो तिथं नसेलच.

त्या आठवड्यात ती कामात सारखी चुकत राहिली. उकळायला ठेवलेलं पाणी आटून भांडं करपलं. काशम्मा नर्स, अक्कलकोटकडची, तोंडाने फटकळ पण मनाने मोकळी, म्हणाली, "सारजाबाई, कुटं हाय लक्ष? तुमच्या येसूनं सपनात येऊन बोलावणं पाठवलं की काय? जायचं तर पाळी बदलून जावा, मला येकटीला टाकून जाऊ नगा." सारजाबाई हसली आणि भांडं राखेने घासत बसली.

नोव्हेंबर चालू होता, मेलेल्यांसाठी प्रार्थना करायचा महिना. नवे फादर वसईकडचे होते, तरणे, चष्मेवाले. दर रविवारी मिस्साच्या उपासनेनंतर ते शाळेच्या खोलीत मोठ्या माणसांना मरणानंतरच्या गोष्टींवर शिकवीत. फळ्यावर खडूने ते चौकोन काढत गेले. अगदी आधी, म्हणाले, यहुदी लोकांत स्वर्ग नव्हता, नरकही नव्हता. राजा मेला काय, भिकारी मेला काय, सगळे जमिनीखाली एकाच अंधारात सावल्या होऊन पडत. तिथं कुणी देवाचं नाव घेत नसे, आणि देवही त्यांची आठवण ठेवतो की नाही याची शंकाच. मग एका दुष्ट राजाने धर्म सोडेनात म्हणून सख्खे सात भाऊ आईदेखत मारले, तेव्हा लोक विचारायला लागले, यांचं काय? यांनाही तोच अंधार? तेव्हा ही आशा उगवली, की देव यांना उठवील, देहासकट उठवील. मग येशू आला, मेला, उठला. शिष्यांना वाटलं आता शेवट आलाच, आज नाही तर उद्या. पण दिवस जायला लागले, वर्षं गेली, आणि चर्चमधली माणसं मरायला लागली. मागे राहिलेले विचारू लागले, आमचे कुठे आहेत? त्यांना उत्तर मिळालं, झोपलेत. पुढे झोप पुरेना. धर्मासाठी मेले ते थेट वर, असं लोक मानू लागले. साध्या माणसांना इतक्या सहज वर कसं घ्यायचं, मग त्यांच्यासाठी शुद्धिस्थळ, तिथं आग, तिथली वर्षं मोजणारेही निघाले. आणि पाणी न घातलेल्या बाळांचं काय, तर आफ्रिकेतल्या एका मोठ्या बिशपांनी ठणकावून सांगितलं की ती आगीत. आग अगदी सौम्य, पण आगच. ते ऐकून शेकडो वर्षं आया रडल्या. त्यानंतरच्या पंडितांना दया आली, त्यांनी आग काढून टाकली आणि लिंबो केलं. फादरांनी त्या शेवटच्या चौकोनावर बोट ठेवलं आणि बोटानेच तो पुसला. "हे चर्चने शिकवलं, पण श्रद्धेचा भाग म्हणून कधीच बांधून दिलं नाही," ते म्हणाले. "आता रोमने नवं पुस्तक काढलंय. पाणी न घातलेल्या मुलाच्या दफनासाठी त्यात प्रार्थना आहे. आपण त्यांना देवाच्या दयेवर सोपवतो."

बाकावर बसलेल्या सारजाबाईला फळ्यावर चाळ दिसत होती. आधी खाली एकच वखार. मग कुणी रडलं, की मालकाने एक खोली वाढवायची. मग आणखी कुणी रडलं, आणखी एक खोली, जिना, पडवी. रडणारे नेहमी मागे राहिलेले. मेलेल्यांना कुणी विचारलंच नव्हतं. आणि तिची मुलगी ज्या पडवीत होती ती पडवी आत्ता एका बोटाने पुसली गेली, खडूची भुकटी खाली पडली, आणि फादर हात पुसायला रुमाल शोधत होते. तिला आनंद व्हायला हवा होता. पोर सुटली. पण इतकी वर्षं ती रोज जिथं मनाने जाऊन बसे ती जागाच नव्हती म्हटल्यावर ती बसली कुठं होती? बाकाची कड तिने घट्ट धरली.

माणसं गेल्यावर ती दाराशी थांबली. फादरांशी बोलायची तिला सवय नव्हती. पदर नीट करून तिने विचारलं, की दुसऱ्या धर्माच्या मरत्या लेकराला कुणी पाणी घातलं, गुपचूप, आईबापाला न सांगता, तर ते लेकरू कुठं आणि त्याची आई कुठं? फादरांचा चेहरा आधी उजळला, मग उतरला. ते हळू आवाजात म्हणाले, आईबापाला न विचारता असं करू नये, मुलावर पहिला हक्क त्यांचा. आणि देव आपल्याइतक्या कोत्या मनाचा नाही. आपण बांधलेल्या भिंती त्याने बांधल्या असं समजू नये. त्या आईला तो टाकेल असं कोण म्हणतं?

"मास्तर म्हनायचे," सारजाबाई म्हणाली.

फादरांनी चष्मा काढून रुमालाने पुसला.

"मग ह्ये आदी का न्हाय सांगितलं, फादर?"

"आम्हालाही हळूहळू कळत गेलं, बाई," ते म्हणाले. त्यांचा आवाज खरा होता, आणि तोच तिला सोसवेना. हळूहळू कळणाऱ्यांच्या वाटेत किती आया उभ्या असतात. शिवाय उद्या आणखी काही कळलं तर? शंभर वर्षांनी दुसरे फादर येतील, फळा ओला करून स्वच्छ पुसतील, आणि तो चौकोन परत काढतील. म्हणतील, आमची मधे जरा चूक झाली होती. त्या दिवशी चर्चपासून इस्पितळापर्यंत ती चालत आली, उन्हात, आणि वाटेत तिला कशाचंच भान नव्हतं. दोनच वाटा दिसत होत्या. लिंबो असेल, तर तिने पोरं आयांपासून तोडली. लिंबो नसेल, तर पाण्याची गरजच नव्हती. मग उरलं काय? उरलं ते एक खोटं, चांदसाबला सांगितलेलं. ते तेवढं पक्कं होतं. ते रोमलाही पुसता येणार नव्हतं. संध्याकाळी तिने मेणबत्ती लावली, माळ हातात घेतली आणि पहिल्याच मण्यावर अडली. कुणासाठी म्हणायचं? लॉरेन्ससाठी? नेम मोडला नाही, दशक पुरं केलं, पण भाकरी गेली नाही.

बुधवारी सकाळी अमिनाला कळा सुटल्या. मुलगा झाला, सव्वादोन पौंडांचा, कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी. तो रडला. मांजराचं पिल्लू पोत्याखाली रडावं तसा, पण सगळ्यांनी ऐकला. डॉक्टरीणबाईंनी कापसात गुंडाळून दोन्ही बाजूंनी गरम पाण्याच्या बाटल्या लावल्या आणि दुपारी घरी जेवायला गेल्या. काशम्मा पलीकडे दुसऱ्या बाळंतपणात अडकलेली. गिरणीचा भोंगा वाजून गेला. मुलाजवळ सारजाबाई एकटी होती. थोड्या वेळाने तिने पाहिलं, त्याच्या ओठांभोवती निळी रेघ उमटत होती. ती रेघ तिच्या ओळखीची होती.

स्टुलावर पेला होता, पाण्याने भरलेला. हाताला विचारावं लागलं नाही, हात गेला. इतक्या वर्षांची त्याची वाट होती ती. पेल्याचा गार काठ बोटांना लागला आणि सारजाबाईचं सगळं अंग त्या बोटांमागे उभं राहिलं. काय होणार आहे? पाणी घातलं तर पोर आत जाईल, मास्तरांच्या हिशोबाने. नाही घातलं, आणि फादरांचं नवं पुस्तक चुकलं, तर त्या करड्या उजेडात आणखी एक पोर, आणि या खेपेला तांब्या उशाशी असल्याचं तिला ठाऊक होतं. आता अज्ञानाची सबब नव्हती. देवाने हिशोब मागितला तर काय सांगायचं, की एका तरण्या माणसाने बोटाने खडू पुसला म्हणून? "बाबा, तूच बग आता," ती म्हणाली. ती प्रार्थना होती की भांडण, तिचं तिलाच कळलं नाही. पोराची छाती उचलली गेली, थांबली, पुन्हा उचलली गेली. तिने पेला सोडला. सोडताना पाणी स्टुलावर सांडलं. ती खाली धावली. फाटकाशी चांदसाब होता, पाळी सोडून आलेला, केसांत सुताचे धागे. तिने त्याचा दंड धरला आणि जिन्यावरून वर ओढत आणला. दारातल्या बायकांनी डोक्यावर पदर ओढले. एकीने विचारलं, पुरुषमाणूस कसा आला आत? सारजाबाईने तिच्याकडे बघितलंही नाही.

तिने कापसाचं गाठोडं उचललं, अमिनाच्या खाटेवर ठेवलं आणि म्हणाली, "दम हाय अजून. काय म्हनायचं आसंल ते म्हना. नाव ठेवा."

अमिनाला बसवेना. ती पडल्यापडल्या म्हणाली, "नबीसाब. तुमच्या अब्बाचं." चांदसाब गुडघ्यावर बसला, पोराच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि अजान म्हटली. माग चालवणाऱ्याचा आवाज, एरवी यंत्राच्या वर ओरडायची सवय असलेला, इतका बारीक झाला होता की खाटेपलीकडे गेला नसेल. अजान संपली तेव्हा पोर होतं. डाव्या कानात म्हणून झालं तेव्हाही होतं. त्यानंतर कधी गेलं ते तिघांपैकी कुणालाच नेमकं सांगता आलं नसतं. सारजाबाई भिंतीला टेकून उभी होती. आता तो कुठल्या खोलीत गेला, हे तिला ठाऊक नव्हतं. पहिल्यांदाच ठाऊक नव्हतं. तिच्या हातावर कसलंही पाणी नव्हतं आणि तिला त्या कोरडेपणाची भीती वाटत होती.

बऱ्याच वेळाने चांदसाब उठला. त्याने तिच्यापुढे दोन्ही हात जोडले. "मावशी, तुमच्यामुळं ह्याला नाव मिळालं. नमाज हुईल. त्या पैल्याच्या नशिबात त्येबी न्हवतं."

सारजाबाईला वाटलं, इथं गप्प राहता येईल. कुणी विचारलेलं नाही. नोकरी जाईल, वस्तीत तोंड दाखवता येणार नाही, चर्चवर दगड येतील, आणि पोर तर काही परत यायचं नाही. हे सगळं तिच्या मनात येईपर्यंत तोंड उघडलं होतं.

"त्यो रडला हुता," ती म्हणाली.

चांदसाबला कळलं नाही. त्याला वाटलं, ती समोरच्या पोराचं बोलते आहे. त्याने मान डोलवली.

"ह्यो न्हवं. पैला. त्यो रडला हुता. मी तुमाला खोटं सांगितलं. त्येच्या कपाळावर मी आमच्या धर्माचं पानी घातलं, आन तुमी काय करू नये म्हनून न्हाय म्हनाले."

चांदसाबचे जोडलेले हात तसेच होते, सोडायचे राहून गेलेले. त्याचा जबडा हलला. तो मारील असं सारजाबाईला वाटलं, आणि ती जागची हलली नाही. पण त्याने अमिनाकडे पाहिलं. अमिना कोपरावर रेटून अर्धी उठली होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिथं जे होतं ते बघणं रागाहून कठीण होतं. एक भूक होती.

"किती येळ रडला?" तिने विचारलं.

"लई न्हाय. पर रडला. तीनदा. मदी थांबून थांबून."

"आवाज?"

"ह्याच्यापरीस मोटा. भुकेचं रडत्यात तसा. हात पन हलिवला, डावा."

"डोळं उघडलं हुतं?"

"एक उघडला हुता."

अमिना ते ऐकत होती, ओठ हलवत, एकेक शब्द आत ठेवून घेत. मेलेल्या नबीसाबवर तिचा एक हात होता. आठ वर्षांनी तिच्या पहिल्या मुलाची बातमी आली होती, आणि ती एवढीशीच होती. चांदसाबने हात खाली घेतले. तो म्हणाला, "मी तर हितंच, खाली फाटकात उभा हुतो त्या दिवशी. पाऊस न्हवता, गाड्या न्हवत्या. तीनदा रडला म्हन्ता. मग मला कसं ऐकू आलं न्हाय?"

सारजाबाईने त्याच्याकडे पाहिलं.

"खिडकी मी लावून घेतली हुती," ती म्हणाली.